डब्यातले पाहुणे

निवृत्त ऑपरेटर रोज सकाळी दहाच्या ठोक्याला सुनेच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसत, तेही इस्त्रीचा शर्ट घालून. कचेरीतल्या तीन नंबरच्या मशीनवर, म्हणजे खोलीभर मोठ्या कॉम्प्युटरवर, त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती. बनियनवर मशीनसमोर बसणं त्यांना पटत नसे.

जुन्या कचेरीतल्या मंडळींची ऑनलाइन गप्पांची खोली अजून चालू होती. काळा पडदा, हिरवी अक्षरं, चित्रबित्र काही नाही. तो जुनाट प्रोग्रॅम सुनेनं एका कंटेनरमध्ये बसवून दिला होता. "डबा समजा, बाबा. आतला पसारा बाहेर सांडत नाही. फक्त बंद केलात की डबा मोडतो आणि आतलं सगळं जातं." शेवटचं वाक्य ती बोलली तेव्हा बाबा चष्मा शोधत होते.

पहिल्या दिवशी त्यांनी 'तीन नंबर' हे नाव नोंदवलं, अवघड पासवर्ड ठरवला, तो विसरू नये म्हणून डब्यातच एका फाइलीत जपून ठेवला आणि शिफ्ट संपल्यासारखं शिस्तीत सगळं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी डबा कोरा. खोलीनं त्यांना परस्पर 'पाहुणा १' करून टाकलं.

खोलीची राखण टेपवाल्यांकडे होती. टेपांच्या कपाटाच्या किल्ल्या तीस वर्षं सांभाळलेला हा गृहस्थ. सहीशिवाय त्यांनी साहेबालाही टेप दिली नव्हती. सध्या ते शुक्रवारी येणाऱ्यांची यादी करत होते. तीन नंबरचं मशीन शनिवारी भंगारात जाणार होतं, आणि शुक्रवारी कचेरीवाले मशीनचा हॉल उघडून जुन्या माणसांना ते शेवटचं दाखवणार होते.

पाहुण्यानं कळवलं की मीच तीन नंबर, पासवर्ड गेलाय. टेपवाल्यांनी उत्तर दिलं की तीन नंबर काल येऊन गेले, त्यांची नोंद आहे. यादीत आपली नोंद वेगळी घेतली. ओळख पटवायची तर सांगा, मशीनच्या मागं काय टांगलेलं असायचं?

"माझी छत्री. गरम वाऱ्यावर तासाभरात वाळायची. तुमचीही वाळायची."

"विचार करून सांगतो."

ऑपरेटरांनी समाधानानं सगळं बंद केलं.

पाहुणा २ नंही छत्रीच सांगितली, तेव्हा टेपवाल्यांनी पेपर फुटल्याचं जाहीर केलं आणि प्रश्न बदलला. मग रोज नवा पाहुणा, रोज नवा प्रश्न. तिसऱ्यानं मशीन सुरू होताना कसं खाकरायचं ते लिहिलं. पाचव्यानं साहेबांच्या डुलकीची वेळ सांगितली. सातव्यापर्यंत निम्मी कचेरी त्या डब्यातून बाहेर आली होती.

नवव्या दिवशी, गुरुवारी, सुनेच्या लक्षात आलं. "बाबा, तुम्ही रोज डबा मोडताय?" पाच मिनिटांत तिनं आठवणी डब्याबाहेर ठेवायची सोय केली. पासवर्डसाठी टेपवाल्यांना सरळ फोन करा म्हणाली. हे आठ दिवसांत कुणाला सुचलं नव्हतं.

"तीन नंबर बोलतोय. खराखुरा."

"माहीत आहे," टेपवाले म्हणाले. "छत्रीवरूनच ओळखलं होतं."

"मग मला पाहुणा का ठेवलंत?"

पलीकडे रजिस्टरची पानं वाजली. "खोलीत आता आपण दोघंच उरलोय हो. आणि यादीत दहा नावं असल्याशिवाय कचेरीवाले हॉल उघडत नाहीत. तुम्ही, मी आणि सात पाहुणे धरून नऊ झालेत."

ऑपरेटरांनी फोनवर हात ठेवून सुनेला हाक मारली. "अगं, ती तुझी सोय जरा काढ. डबा अजून एकदा मोडायचाय."

"आणि उद्या चांगलं पेन आणा," टेपवाले सांगत होते. "तुम्हाला नऊ सह्या करायच्यात."