आठवी ‘ड’चा बबन

“सर, शू ला जाऊ?”

हे विचारणारा विद्यार्थी पन्नाशी ओलांडलेला होता. टक्कल पडलेलं, नाकावर जाड भिंगाचा चष्मा, आणि हुद्दा आमच्या बी.एड. कॉलेजातल्या विज्ञान अध्यापन पद्धतीच्या प्राध्यापकाचा. औटी सर. मूळ पारनेरकडचे, मुक्काम सावेडीत, एका खोलीत, एकट्याचा.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत नगरला बी.एड.ला येणारे बी.एस्सी.वाले दोन प्रकारचे असत. मेडिकल हुकलेले आणि बँकेची परीक्षा हुकलेले. माझं दोन्ही हुकलं होतं, त्यामुळे मला जरा मान होता. आम्हाला शहरातल्या शाळांसाठी घडवायचं म्हणजे काय करायचं, याबद्दल कॉलेजला शंका नव्हती. थर्माकोलची हृदयं कापायची, ती लाल-निळी रंगवायची, आणि पाठाच्या टाचणात ‘विद्यार्थी उत्सुकतेने ऐकतील’ असं आदल्या दिवशीच लिहून मोकळं व्हायचं. विद्यार्थ्यांना विचारायची गरज कुणाला वाटत नसे.

सराव पाठात आम्हीच एकमेकांचे विद्यार्थी व्हायचो. सगळे कसे शहाण्यासारखे हात वर करायचे. मागच्या बाकावर मात्र औटी सर बसत आणि बसताक्षणी जाहीर करत, “मी बबन. आठवी ड.” मग त्यांच्या अंगात यायचं. शेजारच्याचं पेन पळव, बाकाखाली शिर, “बाई, हा मला चिमटा काढतो!” अशी बोंब ठोक. एकदा मी वैतागून म्हणालो, “सर, जरा गप्प बसता का?”

“सर कोण? वर्गात सर तुम्ही! गुण कापले,” बबन बाकाखालून म्हणाला. आणि खरोखर कापले.

त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य होतं, “मला नाही समजलं.” आपण घाम गाळून समजावलं की ते मान हलवत, आणि पुन्हा, “मला नाही समजलं!” माणूस विक्षिप्त आहे, यावर आमचं एकमत होतं. मी त्यांची नक्कल करून कँटीनमध्ये फुकट चहा मिळवत असे.

बबनचा सगळ्यात जास्त मार खाल्ला मंदा साळवेनं. ती कर्जतकडची, तिच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिलीच. परीक्षा-पाठाच्या आदल्या दिवशी ती रडकुंडीला आली. “मला न्हाई जमायचं. ह्या पाठात नापास झाले तर घरचे पुन्यांदा फी न्हाई भरायचे. सरळ लगीन लावून देतील.”

पाठ सावेडीतल्या एका शाळेत होता. मागे परीक्षक दोन. एक बाहेरगावचे, सफारीतले, दुसरे आमचे औटी सर. माझा पाठ तिच्यानंतर, म्हणून मीही कोपऱ्यात होतो. विषय हवेचा दाब. मंदानं पाण्यानं काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवला, पेला उलटा केला. पुठ्ठा पडला नाही. प्रयोग झकास झाला.

“समजलं?”

“हो, बाई!” चकचकीत बुटांचा अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

“काही शंका?”

शंका नव्हती. दरवर्षी कुणी ना कुणी येऊन त्यांच्यासमोर हाच पेला उलटा करत असे. मंदाचं सांगून झालं होतं आणि निम्मा तास शिल्लक होता. बबनच्या दंग्याची तयारी तिनं वर्षभर केली होती. इतक्या सभ्यपणाची कुणीच करून घेतली नव्हती. ती फळ्यावरची तीच आकृती पुन्हा गिरवायला लागली. सफारीवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“बाई, मला नाही समजलं.”

औटी सर! परीक्षकाच्या खुर्चीतून! एक बोट वर! “हवा पुठ्ठ्याला खालून ढकलते म्हणता. मग वरची हवा काय झोपली का?”

मंदाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “बबन, उभं राहून विचार!”

सर उभे राहिले. वर्ग खो खो हसला. मंदानं भीत भीत उत्तर दिलं, की वरच्या हवेला पेल्याचा तळ आडवा येतो. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, “बाई, मग तळाला भोक पाडलं तर?” आणि मग हातच हात. तास संपल्याची घंटा मंदाला ऐकूसुद्धा आली नाही.

ती पास झाली. सफारीवाल्यांनी ‘पोरखेळा’ची लेखी तक्रार केली आणि औटी सरांना परीक्षेच्या कामावरून त्याच दिवशी काढलं.

संध्याकाळी ते कँटीनमध्ये एकटेच बसले होते. मी चिमटा काढला, “काय बबन, शाळेतून नाव काढलं म्हणे?”

ते हसले नाहीत. आवाजही वर्गातला नव्हता, गावाकडचा होता. “माजी पहिली नोकरी शहरातल्या शाळेत हुती. पोरं लई गुनी. वर्षभर एकानं काय इचारलं न्हाई. मला वाटलं, काय फर्मास शिकवतोय मी. निकालात निम्मा वर्ग आडवा. एका पोराला म्हनलं, आरं, समजत नव्हतं तर बोलला का न्हाईस? तर म्हनतो, सर, तुम्ही इतके खुशीत शिकवायचात, तुम्हाला कसं थांबवणार?”

त्यांनी चष्मा पुसला. “म्हंजे वर्षभर त्या वर्गात मी एकटाच हुतो बघ. तिला आज तसं कसं सोडू?”

मी विचारलं, “सर, आणखी एक चहा सांगू?”

“सांग,” ते म्हणाले. “पन सांगून जाऊ नको. बस की जरा.”