माळेवाडीची दुसरी विहीर

निवृत्ती सरोदेनं आपल्या बायकोपुढे रीतसर टिप्पणी सादर केली तेव्हा ती भाकरी थापत होती. विषय होता, 'नित्य वापरासाठी कॅमेऱ्याच्या कमीत कमी लेन्स निश्चित करणेबाबत'. डाव्या बाजूला समास सोडलेला होता, खाली 'आदेशार्थ सविनय सादर' होतं आणि त्याखाली तारखेसह सही. पंचशीलानं पिठाच्या बोटांनी कागद धरला, शाळेतल्या वह्या तपासते तसा वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "एकच ठेवा. कोणती ते तुम्ही ठरवा, पण एकच."

हा निवृत्ती सरोदे म्हणजे दुसरातिसरा कोणी नसून हे लिहिणारा गृहस्थच आहे. पण स्वतःचा गाढवपणा 'मी' म्हणून लिहायला घेतला की पेन अडतं, म्हणून त्याला जरा लांब उभा करून लिहितो. लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि नव्या जिल्ह्यातल्या एका कार्यालयात तो कारकून होता. कोणत्या, ते सांगत नाही. तिथल्याच पेन्शनवर घर चालतं. जिल्हा नवा, टेबलं जुनी, आणि पावसानं तर नव्याजुन्या सगळ्यांकडेच सलग तीन वर्षं पाठ फिरवलेली.

कॅमेरा आला होता नांदेडहून. निवृत्तीच्या थोरल्या भावाचा, साहेबरावचा, तिथे छोटा फोटो स्टुडिओ होता. त्याला बँकेत नोकरी लागली, स्टुडिओ बंद झाला आणि कॅमेरा व पाच लेन्स असलेली पत्र्याची पेटी धाकट्याकडे आली. तेव्हापासून निवृत्ती कुठेही निघाला की पेटीसकट निघायचा. एसटीत लोक त्याला दात काढणारा डॉक्टर समजत.

हदगावच्या लग्नानं पेटीचं भवितव्य ठरवलं. लग्न त्याच्या मावसबहिणीचं, फोटोची जबाबदारी त्याची. त्यानं चटईवर पाचही लेन्स ओळीनं मांडल्या. वधूवर हार घेऊन उभे राहिले तेव्हा त्याला वाटलं, पस्तीस मिलिमीटरच्या लेन्सपेक्षा पन्नासची बरी. त्यानं पस्तीसची काढली, पन्नासची पुसली, लावली आणि डोळा लावून पाहतो तर समोर पंगत बसत होती. त्यानं बौद्धाचार्यांना विनंती केली की हारांचं तेवढं एकदा परत करता आलं तर बरं होईल. ते शांतपणे म्हणाले, "लग्न एकदाच लागतं, सरोदे." पंचशीला परतीच्या प्रवासात नांदेडपर्यंत बोलली नाही, आणि नांदेडनंतर लातूरपर्यंत थांबली नाही.

म्हणून ती टिप्पणी. निवृत्तीनं दोन महिने अभ्यास केला. कोऱ्या फाईलीत चार रकाने आखले: लेन्स, उपयोग, उपद्रव, शेरा. अठ्ठावीसची सगळं दाखवते, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांसकट. पस्तीसची म्हणजे पन्नासचीच धाकटी बहीण. दोनशेची जड; ती हातात घेतली की आपणच थरथरतो. पन्नासच्या लेन्सपुढे त्यानं लिहिलं, 'डोळ्यांना दिसते तेच दाखवते, सबब कॅमेऱ्याची गरज काय?' हे वाक्य लिहून झाल्यावर तो स्वतःवर बेहद्द खूश झाला होता. निवड झाली एकशे पस्तीसची. ती लांबचं जवळ आणते आणि कोणाच्या जवळ जावं लागत नाही, ही गोष्ट त्याच्या भिडस्त स्वभावाला फार मानवली.

अडचण एवढीच होती की दोन खोल्यांच्या घरात त्या लेन्समध्ये पंचशीलाचं फक्त नाक मावायचं. सबंध पंचशीला हवी असेल तर त्याला रस्ता ओलांडून समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर उभं राहावं लागे, आणि तिला दारात. दुकानदारानं एकदा त्याची चौकशीही केली. पण आदेश झाला होता, लेन्स ठरली होती. उरलेल्या चार पेटीत बंद झाल्या.

अशात माळेवाडीचा निरोप आला. रेणापूरच्या पुढची ही वाडी म्हणजे पंचशीलाचं माहेर. गावाला विहीर एकच, आणि तिच्या तळाशी घोंगडीएवढं डबकं उरलेलं. आळीपाळीनं एका बाईला दोरानं खाली सोडायचं, तिनं वाटीवाटीनं घागर भरायची, असं चाललं होतं. बाकीचं पाणी दोन कोसांवरून यायचं. पंचशीलाची आई सरजाबाई गुडघे धरून ते दोन कोस रोज दोनदा चालायची. टँकरसाठी गावानं दोन अर्ज केले होते आणि दोन्ही परत आले होते. शेरा होता, 'विहिरीच्या सद्यस्थितीचा पुरावा जोडावा.' ते अर्ज ज्या कार्यालयातून परत आले तिथेच जावई कामाला, आणि जावयाकडे कॅमेरा. सरपंच अमृतराव स्वतः लातूरला येऊन सांगून गेले. पंचशीला म्हणाली, "एवढं एक काम नीट करा. आईचे गुडघे गेलेत." निवृत्तीला ते मनापासून लागलं. सासूनं त्याला कधी परका मानलं नव्हतं. आपल्या हातून तिचं चालणं थांबलं तर कॅमेऱ्याचं सार्थक होईल, असं त्याला खरंच वाटलं.

रविवारी भर दुपारी तो एक कॅमेरा आणि एक लेन्स घेऊन विहिरीच्या काठावर उभा राहिला. एकशे पस्तीसमधून विहिरीचं तोंड दिसेना, काठ दिसेना, गाव तर नाहीच. दिसत होतं फक्त डबकं आणि त्यात वाटी घेऊन बसलेली नागुबाई. तिच्यामुळे पाणी गढूळ होत होतं आणि चौकटही बिघडत होती. निवृत्तीनं तिला वर काढायला लावलं. मग पाणी निवळू दे म्हणून घागरी घेऊन उभ्या असलेल्या पंचवीस बायांना त्यानं तासभर उन्हात थांबवलं. सरजाबाईला राहवलं नाही.

"जावई, समदी हीर दिसायली का त्यात?"

"मामी, पुरावा नेमका पाहिजे. फापटपसारा नको."

"बघा बापा. तुमच्यातलं मला काय कळतंय."

पाणी निवळलं. वरचं आभाळ त्यात लख्ख उतरलं आणि निवृत्तीनं आयुष्यातला सर्वांत सुंदर फोटो काढला. लातूरला वीरण्णाच्या स्टुडिओत त्यानं तो चांगला मोठा करून घेतला. ओला कागद चिमट्याला लावताना वीरण्णा म्हणाला, "लई झकास आलाय. कुठला तलाव हो ह्यो?" शहाण्या माणसाला एवढ्यानं घाम फुटला असता. निवृत्तीनं ती दाद समजून मान तुकवली. फोटोच्या मागे त्यानं सवयीनं लिहिलं, 'प्रत्यक्ष स्थळी पाहिले, बरोबर आहे', सही केली, शिक्का मारला आणि माळेवाडीच्या तिसऱ्या अर्जाला तो टाचला.

साहेब कोकणातले होते आणि लातूरला येऊन त्यांना दोनच महिने झाले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी निवृत्तीला बोलावलं. फोटो समोर होता. त्यांच्या चेहऱ्यावर घरची आठवण आल्यासारखा भाव होता.

"सरोदे, एवढं पाणी असताना हे लोक टँकर मागतात?"

निवृत्तीनं सांगितलं की ते डबकं आहे, घोंगडीएवढं. लेन्समुळे तसं दिसतं.

"म्हणजे फोटो खोटा आहे?"

"नाही साहेब. फोटो खरा आहे."

"मागे सही कोणाची?"

"माझीच."

"मग पाणीही खरं," साहेब म्हणाले आणि त्यांनी अर्जावर शेरा मारला. अर्ज निकाली, आणि आजूबाजूच्या गावांचे टँकर भरण्यासाठी माळेवाडीची विहीर ताब्यात घ्यावी.

त्या रात्री निवृत्ती जेवला नाही. पंचशीलानं कारण विचारलं, त्यानं सांगितलं, मग तीही जेवली नाही. थोड्या वेळानं तिनं पेटी त्याच्यापुढे आणून ठेवली. सगळं दिसेल अशी कोणती असेल ती घ्या, म्हणाली. पुढच्या रविवारी तो अठ्ठावीसची घेऊन माळेवाडीला गेला; पहिल्या फोटोनं काय झालं ते गावाला सांगायचा धीर मात्र त्याला झाला नाही. या वेळी काहीही सुटू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. विहिरीचं सबंध तोंड, काठावरच्या बाया, घागरी, मागचे वाळलेले कडुलिंब, सगळं एका चौकटीत आलं. अठ्ठावीसच्या लेन्सनं विहीर ऐसपैस करून दाखवली आणि कडेच्या घागरींना रांजणांचा आकार दिला. तळाशी काय होतं ते मात्र सावलीत गेलं. फोटोत तिथे नुसता काळा गोल होता.

साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

"ही वेगळी आहे," ते म्हणाले. "पहिलीला ना काठ, ना झाडं. ही चांगली बांधीव दिसते. सरोदे, गावात दोन विहिरी आहेत हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

निवृत्तीनं तोंड उघडलं. साहेबांनी फोटो उलटा केला. मागे त्याची सही होती, शिक्का होता, आणि प्रत्यक्ष स्थळी पाहिले, बरोबर आहे, असंही होतं. हाताचं वळण अगदी त्याचंच. जुन्या आदेशात दुरुस्ती होऊन पाणी भरून न्यायला एकाऐवजी दोन टँकर पाठवायचं ठरलं.

बुधवारी सकाळी निवृत्तीनं रजा टाकली आणि गावाला आधी कल्पना द्यावी म्हणून पहिली गाडी पकडली. एसटी वाटेत पंक्चर झाली. तो पोचला तेव्हा टँकर त्याच्याआधी गावात पोचले होते. वेशीवर एक उभा, त्याच्यामागे दुसरा. अमृतरावांनी पहिल्या टँकरच्या बॉनेटवर हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता आणि ड्रायव्हर बसवंतच्या गळ्यात झेंडूचा हार होता. नारळातून निघालेलं पाणी हेच त्या दिवशी गावातलं सगळ्यात स्वच्छ पाणी. बायांनी घागरींची रांग पार समाजमंदिरापर्यंत लावली होती आणि रांगेत सगळ्यात पुढे सरजाबाई होती. जावयाला पाहून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आला बघा माझा जावई. ह्यानंच धाडलंय पाणी."

निवृत्तीला धरणी दुभंगावी असं वाटलं. ती तर आधीच जागोजागी भेगाळलेली होती, पण त्याला सामावून घ्यायला तयार नव्हती.

बसवंतनं हार काढून स्टिअरिंगवर ठेवला आणि विचारलं, "हीर कुठाय?"

"हिरीचं काय काम?" अमृतराव म्हणाले. "तुम्ही हितंच वता."

"वतायचं काय? टँकर खाली हाय. भरून न्यायचा हुकूम हाय." त्यानं कागद दाखवला. "आन् त्यो मागचा दुसऱ्या हिरीवर जाणार. दुसरी कुन्या अंगाला?"

सगळ्या गावानं हळूहळू मान वळवून निवृत्तीकडे पाहिलं. सरजाबाईनं पाहिलं नाही. तिनं आपली घागर उचलून पालथी घातली आणि तिच्यावर बसली. तिचं ते बसणं निवृत्तीला आजही आठवतं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हुकूम तो हुकूम. बसवंतनं विहिरीत पाइप सोडला आणि पंप सुरू केला. पंपानं घोंगडीएवढं पाणी दोन मिनिटांत ओढलं, मग चिखल ओढला, मग घरघर करून बंद पडला. पाइपाच्या तोंडाला एक बेडूक अडकला होता. नागुबाई म्हणाली, "तेवढं वाटीचं बी गेलं." दुसऱ्या टँकरचा ड्रायव्हर तोवर दुसरी विहीर शोधत सगळं शिवार फिरून आला होता.

आता बसवंतपुढे वेगळाच पेच. दोन सरकारी गाड्या रिकाम्या गेल्या आणि रिकाम्या आल्या, याचं कारण लॉगबुकात लिहिणं भाग होतं. तो टपावर बसून अर्धा तास लिहीत होता. 'माळेवाडीच्या हिरीत पानी न्हाई. होतं ते पंपानं संपलं. दुसरी हीर सगळीकडं हुडकली, गावात न्हाई. पंप चिखलानं खराब. दोन्ही गाड्या खाली वापस.' खाली अमृतरावांची सही, सरजाबाईचा अंगठा, आणि हट्टानं नागुबाईचाही. बसवंतनं गावात ओतलं ते दुसऱ्या गाडीच्या तळाशी राहिलेलं चार घागरी पाणी. त्यातली एक सरजाबाईला मिळाली.

ते लॉगबुक साहेबांच्या टेबलावर गेलं. फोटोवर हरकत घेता येते, अर्जावर घेता येते, कारकुनाच्या तोंडी बोलण्यावर तर घेताच येते. पण सरकारी वाहन रिकामं परत आल्याची सरकारी वहीतली नोंद, वर पंपाचं नुकसान, दोन अंगठे! साहेबांनी ते दोनदा वाचलं, फोटो पाहिले, निवृत्तीकडे पाहिलं आणि त्याच दिवशी माळेवाडीला दिवसाआड भरलेला टँकर मंजूर केला. पुरावा म्हणून त्यांनी बसवंतच्या नोंदीची प्रत जोडली. निवृत्तीचे दोन्ही फोटो त्याला सन्मानानं परत मिळाले.

पुढच्या रविवारी पंचशीला त्याला जवळजवळ ओढतच माहेरी घेऊन गेली. अंगणात भरलेले दोन रांजण होते. सरजाबाई बाजेवर पाय पसरून बसली होती. दुपारच्या वेळी ती बसलेली निवृत्तीनं प्रथमच पाहिली. तिनं उठून काठोकाठ भरलेला तांब्या त्याच्या हातात दिला. तो त्यानं तसाच खाली ठेवला. त्यानं खरं ते सांगून टाकलं. त्याचे फोटो चुकले, सगळा घोळ त्यानंच केला, पाणी बसवंतच्या नोंदीनं आलं.

"ठावं हाय," सरजाबाई म्हणाली. "समद्या गावाला ठावं हाय. प्या आता."

तेव्हा त्याचं ओट्यावर बसलेल्या दोघांकडे लक्ष गेलं. शेजारच्या वाडीचा सरपंच व्यंकट आणि त्याच्याच गावचा संगप्पा. सकाळपासून त्याचीच वाट पाहत होते. त्यांच्याही विहिरीचा तळ दिसत होता, अर्ज तीनदा परत आला होता आणि त्यांना फोटो हवा होता.

निवृत्ती आता शहाणा झाला होता. त्यानं पन्नासची आणली होती. डोळ्यांना दिसतं तेच दाखवणारी. ती कॅमेऱ्याला लावत त्यानं दोघांना समजावून सांगितलं की हिच्यात वाढवून नाही, घटवून नाही, जेवढं आहे तेवढंच येईल. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ती नगं, सरोदेसाहेब," व्यंकट जरा अदबीनं म्हणाला. "आमच्या हिरीत बी पानी दिसाया पायजे. माळेवाडीला लावलीती तीच लावा."

"आन् जमलं तर," संगप्पा म्हणाला, "दोन हिरी करा."

निवृत्तीनं मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. पंचशीलानं आपल्या पिशवीत हात घातला, साडीच्या घडीत गुंडाळलेली एकशे पस्तीसची काढली, तिच्यामागून अठ्ठावीसची काढली आणि दोन्ही त्याच्या मांडीवर ठेवल्या.