मी सर्व अटी वाचल्या आहेत

मुद्रितशोधक काकांच्या धाकट्या बहिणीचं उद्या सकाळी डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि आगाऊ रक्कम आज संध्याकाळपर्यंत रुग्णालयाच्या खात्यात जमा व्हायला हवी होती. रोख चालत नव्हती. काकांकडे पैसे होते, मोबाइल होता, त्यात बँकेचं ॲपही होतं. म्हणजे अडचण यायचं काहीच कारण नव्हतं.

काकांनी रुग्णालयाचं खातं नोंदवलं, रक्कम भरली. शेवटी एक चौकोन आला: 'मी सर्व अटी व शर्ती वाचल्या आहेत.' काकांचं बोट थबकलं. जन्मभर लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढलेला माणूस. न वाचता 'वाचलं' म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि अटी उघडल्या.

सातव्या अटीपाशी ॲपने त्यांना बाहेर काढलं. वेळ संपली होती. ते पुन्हा आत शिरले. बाराव्या अटीत एक काना राहिला होता, तो टिपून घेईपर्यंत ॲपने पुन्हा हाकललं. तिसऱ्या खेपेला खातंच गोठलं. 'संशयास्पद वर्तन आढळले आहे. शाखेशी संपर्क साधा.'

तेवढ्यात बहिणीचा फोन. "दादा, पैसे आले नाहीत तर माझा नंबर दुसऱ्याला देणार म्हणतायत रे!"

काकांनी चपला अडकवल्या. ते तडक शाखेत गेले.

अधिकाऱ्याने आधी पडद्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "तुम्ही अटींच्या पानावर अर्धा तास काय करत होतात?"

"वाचत होतो."

"कशासाठी?"

"वाचल्यात असं कबूल करायचं होतं म्हणून."

अधिकाऱ्याने खुर्ची जरा मागे सरकवली. "काका, खरा ग्राहक तिथे दोन सेकंद थांबतो. जास्त थांबला की यंत्रणा त्याला भामटा धरते. आजवर ते पान कुणी वाचलेलं नाही."

"तुम्हीसुद्धा?"

"मला नोकरी टिकवायची आहे."

"बाराव्या अटीत काना राहिलाय," काका चाचरत म्हणाले.

"बाहेर बोलू नका. सुरक्षेचा प्रश्न आहे."

उपाय मात्र होता. यापुढे सामान्य ग्राहकासारखं वागेन, असं हमीपत्र द्यायचं. बारीक अक्षरांतली चार पानं आणि खाली सही. काकांचा हात सवयीने चष्म्याकडे गेला. अधिकारी खाकरला.

"काका, यंत्रणा बघतेय."

खिशात फोन पुन्हा वाजू लागला. काकांनी डोळे मिटले आणि सही ठोकली. पैसे क्षणात पोचले.

ऑपरेशन छान झालं. बहिणीला आता मुंगीएवढं अक्षरही दिसतं. परवा तिने सहज विचारलं, "दादा, त्या हमीपत्रात काय लिहिलं होतं रे?"

काका ओशाळले. त्यांना काहीच सांगता येईना. वाचकहो, तुम्ही तरी सांगा. सही तर तुमचीही आहे.