समुद्रपुलावरील अनारशांची मोहीम

समस्त राजमान्य मोटारस्वार मंडळी, मुक्काम बहरैन बेट, यांसी कळावे. सीमेपार लांबच्या सफरीस गाडी काढणाराने कोणती सावधगिरी बाळगावी, याचा जाबता आपण मागितला, त्यावरून आमच्या रियाधस्वारीची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. यात खासे म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते तुकारामपंत गुहागरकर, अस्करच्या कारखान्यात बत्तीस वर्षे भट्टीपुढे उभे राहिलेले फोरमन, म्हणजे आम्हीच. आपली बखर आपण लिहिली म्हणजे पराभवास जागा कमी लागते. तरी जितकी लागली तितकी दिली आहे.

मोहिमेचे कारण ऐसे जे, खाशांची कन्या दीप्तीबाई रियाध शहरी नांदत असता चौथा महिना लागला, आणि पोटी अन्न ठरेना, आणि आठ दिवस लिंबूपाण्यावर निघाले, मग जावई संदेशराव यांचे फोनवरून वर्तमान आले की डॉक्टरीण काळजीत आहे, ताट दिसले की बाई तोंड फिरवतात, फक्त आईच्या हातचे अनारसे आले तर खाईन इतकेच बोलतात. हे ऐकोन रत्नाबाईसाहेबांनी कन्येस शब्द दिला की शुक्रवारी घेऊन येते.

विमानाने हे काम तासाचे. परंतु खाशांनी भर मसलतीत जाहीर केले की रियाधचा रस्ता आम्हास पाठ आहे. (खासे त्या रस्त्याने पूर्वी एकदाच गेले होते, बारा वर्षांमागे, मागच्या आसनावर निजून.) मग कुमकेस फ्रान्सिसराव वसईकर यांस बोलावणे गेले. हे सीफच्या एका हॉटेलात पाव भाजणारांचे सरदार, गाडी हाकण्यात निष्णात आणि फुकटच्या सल्ल्यात कंजूष, तस्मात खाशांचे जिवलग.

मग खाशांनी सत्तावीस कलमांचा जाबता सिद्ध केला आणि तीन रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचिला. त्यात ऐसे की, पासपोर्ट, रेसिडेंट कार्ड आणि व्हिसा प्रत्येकाने आपापल्या कमरेस बाळगावा. गाडी ज्याच्या नावे त्याने स्वतः हजर असावे, नसेल तर त्याचे अधिकारपत्र घ्यावे. पलीकडील मुलखात चालेल ऐसा गाडीचा विमा आधीच उतरवावा. गुरुवारी सायंकाळी सौदीस जाणाऱ्या समुद्रपुलावर जाऊ नये, सारे बेट तेव्हा तिकडेच निघते. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावी. पाणी दुप्पट न्यावे आणि निरुपयोगी सामान तिळभरही नेऊ नये. कलम एकोणिसावे ऐसे की, खसखस सौदीत सक्त मना आहे, सापडल्यास गाठ तुरुंगाशी.

आता खाशांच्या घरी खसखशीची पुडी होती. गावाहून वहिनींनी ती मसाल्याच्या गाठोड्यात कशी धाडली, त्याचा तपशील या बखरीत नाही. खाशांनी ती पुडी हाती घेऊन फर्मान सोडिले की ही सौदीत जाता कामा नये, आणि घरातही राहता कामा नये. रत्नाबाईसाहेबांनी मान डोलावली.

शुक्रवारी झुंजुमुंजु होता स्वारी निघाली. टोलनाक्यावर गाडीचे कागद पाहू म्हटल्यावर कळले की त्या कागदांची फाईल डिकीत सर्वांत तळाशी आहे, खाशांनीच पहिल्यांदा ठेविली होती. मग रस्त्यात बॅगा उतरल्या, आणि मागच्या गाड्यांनी भोंग्यांची सलामी दिली. गाडीचे कागद हाताशी ठेवावे हे कलम जाबत्यात नव्हते. बॅगांत एक स्टीलचा डबा निघाला, त्यात अनारशांच्या उरल्या पिठाचा गोळा. हा डबा निरुपयोगी सामान म्हणून खाशांनी घरी दोनदा बाहेर काढिला होता.

"हा पुन्हा कसा आला?"

"चालत आला. बसा आत," रत्नाबाई म्हणाल्या.

पुलाच्या मध्यावर एक बेट आहे, तेथे दोन्ही दौलतींच्या चौक्या आहेत. चौकीअलीकडे गाडी उभी करून चहाचा मुक्काम पडला, आणि फ्रान्सिसरावांनी मोठ्या हक्काने अनारशांचा डबा उघडिला. उघडिला आणि उघडाच धरिला.

"तुकारामा, हे वर काय लावलंय?"

"खसखस. दाट लावलीय ना या वेळी?" रत्नाबाई म्हणाल्या.

खाशांच्या हातातील चहा खाशांच्या विजारीवर पडला. "अगं, तीनदा वाचून दाखवलं. खसखस न्यायची नाही!"

"पुडी न्यायची नाही म्हणालात. घरात ठेवायची नाही म्हणालात. मग मी ती संपवली. एक दाणा मागं ठेवला नाही."

हुकमाची इतकी चोख तामिली खाशांच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत कारखान्यात कधी झाली नव्हती.

तेव्हा मसलत बसली. खाशांनी रेसिडेंट कार्डाच्या धारेने खसखस खरवडण्याची तजवीज काढिली, आणि दोन अनारसे खरवडले, इतक्यात समुद्रावरून वारा आला आणि दाणे आसनावर, पायपोसावर आणि खाशांच्या मिशीत ठाणे देऊन बसले. फ्रान्सिसराव म्हणाले, "बस कर. ते काय वाटीभर शोधणार आहेत? एक दाणा मिळाला तरी आपण आत. आमच्या हॉटेलात पावावर तीळच का लावतो, विचारलंस कधी?"

खाशांनी विचारिले नव्हते. मग खाशांनी टाकून देण्याचा पर्याय मांडला, तो मांडताच मागे घेतला, कारण रत्नाबाई डब्यावर हात ठेवून समुद्राकडे पाहत होत्या.

"इतके दिवस पोरीच्या पोटात काही नाही. आणते म्हणून सांगितलंय मी."

मग बाईसाहेबांनी पदर खोचला आणि आज्ञा केली की अन्न कचऱ्यात जाणार नाही, डबा येथेच रिता करावा. येणेप्रमाणे एकतीस अनारशांशी सामना सुरू जाहला. फ्रान्सिसरावांनी चौदा पाडले, खाशांनी अकरा, बाईसाहेबांनी सहा, आणि प्रत्येक अनारशागणिक बाईसाहेब म्हणत होत्या की छान झाले होते हो. मग डबा तीनदा धुतला, आसने ओल्या फडक्याने पुसली, पायपोस झाडले, आणि खाशांची मिशी बेटावरील न्हाणीघरात साबण लावून दोनदा तपासली गेली, तपासणी फ्रान्सिसरावांनी केली.

पासपोर्टांवर शिक्के पडले आणि सौदीची जकात चौकी आली. अंमलदाराने सामान पाहता पाहता स्टीलचा डबा उचलिला, झाकण काढिले, आणि आतील तपकिरी गोळ्याकडे बघत राहिला. खाशांनी फाईल उघडून त्यास विमा दाखविला. त्याने विमा बाजूस केला. खाशांनी पुढे काय दाखवावे म्हणून चाळता चाळता सत्तावीस कलमी जाबताच त्याचे हाती दिला.

तेव्हा रत्नाबाई पुढे झाल्या. "खाना है, भाई. चावल और गूळ. बिंत, बेटी, रियाध में," आणि पोटावर हात ठेवून, "बेबी."

अंमलदाराने गोळ्याचा वास घेतला. "बेबी वलद?" म्हणजे मुलगा का, ऐसे विचारिले.

"कुछ भी चलेगा. इंशाल्ला."

तो हसला, झाकण लावून डबा बाईंच्या हाती दिला आणि म्हणाला, यल्ला, म्हणजे चला. जाबता मात्र त्याच्याच टेबलावर राहिला, आणि तो परत मागण्याचे धैर्य खाशांस झाले नाही.

पुढील रस्त्याचे वर्णन फ्रान्सिसरावांच्या सांगण्यावरून लिहितो, कारण अकरा अनारशांच्या भाराने खासे मागच्या आसनावर निजले ते रियाधपर्यंत. ते सांगतात की वेगमर्यादा पाळावी, कॅमेरे कोणाची भीड धरीत नाहीत. उंट दिसला की गाडी हळू करावी, उंट करीत नाही. पंपावर काटा अर्ध्यावर आला तरी टाकी भरावी, आणि रस्ता पाठ असणारास शक्यतो घरी ठेवावे.

रियाधी पोहोचताच दीप्तीबाईंचा चेहरा पाहिला, तो इतका उतरला होता की खाशांची तयार ठेवलेली दोन्ही भाषणे राहिली. रत्नाबाई चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेल्या, आणि पीठ मळले, आणि संदेशरावांच्या डब्यातून तीळ काढून त्यावर अनारसे थापले, मग मंद आचेवर तळले. दीप्तीबाईंनी एक खाल्ला. मग दुसरा. मग बाई ओकारीस धावतात की काय म्हणोन सारी फौज न्हाणीघराच्या दाराकडे पाहत राहिली. पाव घटका गेली, अर्धी गेली, पुरी घटका गेली. दार उघडले नाही.

दीप्तीबाई बोटे चाटीत म्हणाल्या, "आई, नेहमीसारखे नाही लागत गं. खसखस विसरलीस?"

फ्रान्सिसराव छताकडे पाहू लागले. खाशांस त्याच क्षणी मोठी ढेकर आली.

"विसरले गं," रत्नाबाई म्हणाल्या.

"बरं. अजून दोन दे."

येणेप्रमाणे रियाधची मोहीम फत्ते जाहली. कन्येच्या पोटी चार अनारसे ठरले, ते रत्नाबाईसाहेबांच्या शब्दाने आणि दोनदा बाहेर काढलेल्या डब्याने. खाशांचा पराक्रम अकराच्या आकड्यात वर नोंदला आहे. नव्याने लिहिलेल्या जाबत्यात अठ्ठाविसावे कलम वाढविले ते ऐसे: जे सीमेपार न्यायचे नाही, ते घरच्यांस नुसते नेऊ नका म्हणून सांगू नये, त्याचे काय केले हेही विचारावे. कलम बाईसाहेबांस वाचून दाखविले. मान डोलावली आहे. खाशांस याचीच धास्ती वाटते.