मुळजे सर विरुद्ध इनामदार

मुळजे सर टमटममध्ये नेहमी उलटे बसतात. पुढची सीट रिकामी असली, ड्रायव्हरनं हाताला धरून ओढलं, तरी ते मागं जातात आणि रस्त्याकडं तोंड करून पाय सोडून बसतात. ते आमच्या कॉलेजात क्रीडा संचालक आहेत आणि मुलींना नौकानयन शिकवतात. शर्यतीची नाव वल्हवणारा माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो. त्यामुळं जो पुढं असतो त्याला मागचे सगळे दिसतात, आणि जो मागं पडतो त्याला नुसतं पाणी दिसतं. सरांनी हे तत्त्व आयुष्यालाच लावलं. स्टाफ मीटिंगमध्येसुद्धा ते खुर्ची दाराकडं फिरवून बसतात. प्राचार्यांनी एकदा कारण विचारलं, तर सर त्यांच्याकडं पाठ ठेवूनच म्हणाले, "मागनं कोण येतंय ते कळलं पायजे."

आमचं कॉलेज मुरुमच्या बाजूला. ह्या भागात नौकानयन म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "पण पाणी?" प्रश्न रास्त आहे. एका वर्षी तलाव आटला तेव्हा सरांनी मैदानावर भुशाची पोती ओळीनं मांडली, त्यांवर मुली बसवल्या, हातात बांबू दिले आणि सराव चालू ठेवला. गावातली माणसं कुंपणापाशी उभी राहून बघायची. त्यातल्या एकानं फार गंभीरपणे विचारलं, "सर, कुठवर पोचल्या?"

मी मराठी शिकवते. मुलींच्या संघासोबत बाई मॅनेजर लागते असा नियम आहे, म्हणून माझी नेमणूक झाली. मला पोहता येत नाही, असं मी सांगून पाहिलं. सर म्हणाले, "तुम्हाला काठावर उभं ऱ्हायचंय, मॅडम. काठ बुडत न्हाय."

सरांच्या मते जगात कुठलीच गोष्ट आपोआप घडत नाही. एसटी उशिरा आली, कँटीनचा चहा फिका झाला, लग्नात जिलेबी आपल्या पंगतीपर्यंत येऊन संपली, तरी ते डोळे बारीक करून एवढंच म्हणतात, "ह्यात डाव हाय." आणि हा डाव बहुतेक वेळा इनामदारांचा असतो.

इनामदार सर जळकोटकडच्या कॉलेजात क्रीडा संचालक. विद्यार्थी असताना हे दोघं एकाच नावेत बसायचे. विद्यापीठाची जोडी म्हणून त्यांचं नाव होतं. एका अंतिम शर्यतीत जोर कधी लावायचा ह्यावरून भर पाण्यात त्यांचं भांडण झालं आणि नाव चौथी आली. तेव्हापासून त्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. स्पर्धेच्या ठिकाणी हातभर अंतरावर उभे असले तरी मधे माणूस लागतो. गेली काही वर्षं तो माणूस मी आहे.

"मॅडम, त्यांना सांगा, त्यांच्या पोरी वल्हं लई खोल घालतात."

"मॅडम, त्यांना म्हणावं, स्वतःच्या पोरी बघा."

मी निरोप सांगायला तोंड उघडेपर्यंत उत्तर आलेलं असतं.

गेल्या वर्षी सरांनी कहर केला. इनामदारांचा संघ जळकोटच्या तलावावर सराव करतो, तो चोरून बघायचा म्हणून त्यांनी ओळखीच्याकडून दोन शेळ्या मागून आणल्या, डोक्याला टापर बांधलं आणि गुराखी होऊन काठावर बसले. रोज संध्याकाळी मला खबर यायची. "कच्च्या हायत, मॅडम. चौघींच्या चार दिशा. औंदा काळजी न्हाय." शेवटच्या दिवशी शेळ्या सुटून कुठंतरी गेल्या. सर अंधार पडेपर्यंत शोधत फिरले. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटवर टेम्पो आला. त्यात दोन्ही शेळ्या होत्या आणि ड्रायव्हरकडं तोंडी निरोप होता, "मुळजेला सांगा, शेळ्या काठावर असल्या की आमच्या पोरी मुद्दाम वाकडं वल्हवतात." स्पर्धेत त्यांचा संघ आमच्या दोन नावा पुढं होता. सर आठवडाभर डोळे बारीक करून हिंडले. मग म्हणाले, "शेळ्या न्यायला नको होत्या. म्हैस पायजे होती."

यंदाची स्पर्धा तेरजवळच्या धरणावर होती. अंतिम फेरीत आम्ही आणि जळकोट, दोनच नावा. आमच्याकडं अश्विनी कांबळे होती, शेवटच्या वर्षाची. तिला पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करायचा होता आणि त्यासाठी विद्यापीठाच्या संघात यायला हवं होतं. जिंकणाऱ्या नावेचीच निवड होणार होती. अश्विनी स्ट्रोकला बसायची. स्ट्रोक म्हणजे जिच्या लयीवर बाकीच्या तिघी हात टाकतात ती. पाचवी रुखसार, ती समोर बसून सुकाणू धरायची आणि ओरडून सूचना द्यायची.

सरांचा डाव ठरलेला होता. धरणात एका बुडालेल्या बाभळीचा शेंडा वर दिसतो. तिथपर्यंत दम राखायचा आणि बाभळ आली की सगळा जोर लावून सुटायचं.

सकाळपासून सर बेचैन होते. इनामदार दिसत नव्हते.

"कुठंतरी लपलाय," सर म्हणाले. त्यांनी पंपहाऊसच्या मागं बघितलं, खाऊच्या गाड्यामागं बघितलं. "न येणं हाच डाव असणार."

शेवटी मी जळकोटच्या संघाबरोबर आलेल्या तरुण प्राध्यापकांना विचारलं. ते अर्थशास्त्राचे होते आणि उन्हात फार बारीक चेहरा करून उभे होते. "सरांना पॅरालिसिस झाला," ते म्हणाले. "डावी बाजू गेली. बोलणंही जड झालंय. घरीच आहेत."

मी येऊन सांगितलं. सरांनी मान हलवली. ह्यात डाव आहे असं ते म्हणाले नाहीत.

थोड्या वेळानं दोन्ही संघ नावा पाण्यात घालायला लागले. अर्थशास्त्राच्या सरांनी सगळ्यात थोराड मुलगी स्ट्रोकला बसवली होती आणि लय धरणारी बारकी मुलगी पार दुसऱ्या टोकाला. मुळजे सरांनी एकदा बघितलं. तोंड फिरवलं. परत बघितलं. एखाद्याच्या शर्टाची बटणं खालीवर लागलेली असावीत आणि आपल्याला सांगता येऊ नये, तसं त्यांचं झालं. मग ते सरळ त्यांच्या नावेपाशी गेले.

"ए पोरी, तू तिथं कशाला? मधी ये. आन् तू, बारके, तू स्ट्रोकला. इनामदारनं तुला तिथंच बसवलं होतं का न्हाय?"

"व्हय सर."

"मग कुणाला इचारून हललीस? पायाचे पट्टे आवळा. सुटायचं कुठनं सांगितलंय त्यानं?"

"बाभळीपासनं."

म्हणजे आमचाच डाव. दोघंही एकाच गुरूकडं शिकलेले. "तिथनंच सुटा," ते म्हणाले. "त्याचं ऐका. आजारी पडेपर्यंत तो जे बोलला तेच करा."

आमच्या चौघी वल्ही हातात धरून हे सगळं बघत होत्या. सर परत आल्यावर अश्विनीनं विचारलं, "सर, तुम्ही आमचे का त्यांचे?"

"तुमचाच."

"मग त्यांची नाव का लावून दिली? माझं शेवटचं वर्ष हाय."

"म्हाईत हाय मला." सरांनी तिच्या हातातलं वल्हं उगाच चाचपून बघितलं. "तो असता तर त्यानं हेच केलं असतं. तो न्हाय म्हणून त्याच्या पोरी हराव्यात, असं कसं चालंल?"

नावेत बसताना अश्विनी रुखसारच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. मला ते ऐकू आलं नाही.

शिट्टी झाली. दोन्ही नावा सारख्या निघाल्या. वारा तिरका होता, पाण्यावर बारीक लाटा होत्या. सर काठाकाठानं पळत होते आणि मी त्यांची पिशवी घेऊन मागं. दोन्ही नावा दम राखून चाललेल्या. बाभळ अजून बरीच लांब होती आणि अचानक रुखसारचा आवाज आला, "आता."

आमची नाव सुटली.

"येडी झाली का," सर थांबून म्हणाले. "लई लवकर. मरतील शेवटाला."

जळकोटच्या मुलींना काय करावं कळलं नाही. त्यांना बाभळीपर्यंत थांबायला सांगितलं होतं, आणि त्या थांबल्या. बाभळीपाशी पोचून त्या सुटल्या तेव्हा आमच्या मुली एक नाव पुढं होत्या आणि त्यांच्या हातांतला जोर संपत आला होता. जळकोटवाल्या इंचाइंचानं जवळ येत राहिल्या. सरांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, परत माझ्याकडं दिली, परत घेतली. शेवटी आमच्या नावेचं टोक आधी गेलं. फरक पाव नावेचा असेल.

काठाला आल्यावर अश्विनीला उभं राहता येत नव्हतं. ती चिखलातच बसली. सर तिच्यासमोर उकिडवे बसले.

"तुला कुणी सांगितलं आधी सुटायला?"

"तुम्ही त्यांना बाभळ सांगितलीत," ती धापा टाकत म्हणाली. "मग आपल्याला बाभळ कशी चालंल?"

सरांनी खिशातनं रुमाल काढून तिच्या तोंडावरचा चिखल पुसला आणि म्हणाले, "बरोबर हाय."

परतीची वाट जळकोटवरून होती. सरांनी ड्रायव्हरला गाव आल्यावर गाडी आत घ्यायला सांगितली. मुली गाडीत झोपल्या होत्या. इनामदार सर ओसरीत लोखंडी कॉटवर उशीला टेकून बसले होते. डावा हात मांडीवर पडलेला. मुळजे सरांना बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही.

सर स्टूल ओढून समोर बसले. मला वाटलं, आता तब्येतीची चौकशी करतील.

"त्या अर्थशास्त्रवाल्यानं पार वाट लावली होती रे," ते थेट म्हणाले. "बारकीला शेवटाला बसवलं होतं. म्या हलवली."

इनामदारांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. शब्द अडकत, सांडत बाहेर आला. "जि... जिंकल्या?"

"न्हाय. आमची एक पोरगी हाय. तिनं तुला बी फसवलं आन् मला बी."

इनामदार हसले. अर्ध्याच तोंडानं, पण त्यांचं पोट हलत राहिलं. त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला. दुखणं आल्यापासून बाबा पहिल्यांदाच हसले, असं त्यांनी मला आत बोलावून सांगितलं.

आता दर रविवारी मुळजे सर जळकोटला जातात. सरांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी पुण्याला असते, रविवारी ते पूर्वी कॉलेजच्या मैदानावर एकटेच बसलेले दिसायचे. डॉक्टरांनी इनामदारांना डाव्या हाताचा व्यायाम सांगितलाय. सूनबाई सांगतात, सर एक टॉवेल घेऊन समोर बसतात, एक टोक इनामदारांच्या हातात देतात, दुसरं स्वतः धरतात आणि दोघं तासभर ओढाओढी करतात. जोर कधी लावायचा ह्यावरून भांडणंही होतात. इनामदारांचं बोलणं त्या भांडणांनीच थोडं सुटलंय.

परवा स्टाफरूममध्ये मी विचारलं, "कोण जिंकतं, सर?"

"तोच जिंकतो सध्या," सर म्हणाले. त्यांनी चहाचा घोट घेतला. "हात बरा होऊ दे त्याचा. मग बघतो."