चौथ्या मजल्यावरील आश्रयाची आणि उजव्या डोळ्याच्या मोहिमेची हकीकत

ते समयी तिसऱ्या मजल्यावरील घरात डोळे चार होते. पैकी बाईसाहेबांचे दोन्ही शाबूत, त्यांचे यजमान घड्याळजी यांचा डावा कामचलाऊ आणि उजवा नावापुरता. चष्मे तीन, भिंग एक, डोळ्यांत घालावयाच्या थेंबांची बाटली एक, न उघडलेली. उजव्या डोळ्याची नजर डॉक्टरांनी सहा भागिले साठ अशी लिहून दिली होती. म्हणजे जे अक्षर धड माणसास साठ मीटरांवरून दिसावे, ते यांस सहा मीटरांवर आणिले तरच दिसे. येवढी शिबंदी मोजोन मग पुढील वर्तमान लिहितो.

घड्याळजी साहेबांनी उभी हयात याच उजव्या डोळ्यास भिंग लावोन लोकांची वेळ सुधारिली. त्या डोळ्यावर मोतीबिंदूने ठाणे दिले, आणि बाईसाहेबांनी शुक्रवारी शस्त्रक्रियेची मोहीम मुक्रर केली. इतक्यात दुकानाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने खबर दिली की, भूल देताना डोळ्यातच सुई घालतात. साहेबांचे धैर्य खचले. मग ते “जरा खाली जाऊन येतो” असे बोलोन निघाले आणि जिना उतरण्याऐवजी चढते जाहले, आणि चौथ्या मजल्यावर, लेकीच्या सासरी, विहीणबाईंच्या उंबऱ्याआत दाखल होवोन अभय मागते जाहले.

यातील राजकारण थोर होते. पोलीस परक्या वकिलातीत एक वेळ शिरतील, परंतु मुलीच्या आईने विहिणीच्या घरात आवाज चढवावा, हे कोणत्याही कायद्यात बसत नाही. सबब बाईसाहेब पायपुसण्यावर उभ्या राहोन, हसतमुखाने मागणी करित्या जाहल्या.

“विहीणबाई, आमचं माणूस तुमच्याकडे आलंय वाटतं.”

“आलंय ना. चहा टाकू?”

“चहा नको, माणूस द्या.”

“आसरा मागितला, दिला. आता कशी देऊ? मला बरं दिसेल का ते?”

बाईसाहेब माघारी फिरल्या आणि त्यांनी तिन्ही चष्मे जप्त केले. मग लेक हस्तांतराचा खलिता घेवोन वर गेली आणि नकार घेवोन खाली आली, आणि ऐसे वारंवार जाहले, तेव्हा ती जिन्यातच बसली आणि आपल्या नवऱ्यास म्हणाली, “आई म्हणते पाठवा, आई म्हणतात ठेवा. तू काहीतरी बोल ना!” जावईबापूंनी तटस्थ राष्ट्राचे धोरण जाहीर करोन मोबाइलमध्ये डोके घातले.

इकडे आश्रयाचे रूप पालटले. विहीणबाईंच्या भिंतीवरील लंबकाचे घड्याळ बंद पडले होते. त्यांनी हुकूम केला की, व्याही आयते आलेच आहेत, तर घड्याळ चालू होईतो त्यांनी उंबरा ओलांडू नये. आरोप नाही, सुनावणी नाही, मुदत नाही. अभय मागावयास गेले आणि कैदेत पडिले. साहेबांनी खिशातील भिंग उजव्या डोळ्यास लाविले, घड्याळ खोलिले, आणि एक बारीक स्क्रू हातून निसटोन फरशीवर पडिला. साहेब तळव्याने फरशी चाचपू लागले.

“चष्मा नाही ना, म्हणून,” साहेब वदले.

विहीणबाईंनी तत्काळ लेकीस रवाना करोन तिन्ही चष्मे सोडवोन आणविले. साहेबांनी पहिला लाविला, मग दुसरा, मग तिसरा; मग तिन्ही काढोन ठेविले आणि पुन्हा फरशी चाचपू लागले. स्क्रू त्यांच्या गुडघ्यापाशी चमकत होता. विहीणबाईंनी तो उचलोन त्यांच्या तळहातावर ठेविला.

साहेबांनी मूठ मिटिली. मग म्हणाले, “विहीणबाई, हा डोळा गेला तर?”

“व्याही, आत्ता तरी कुठे आहे?”

यावर साहेब मान डोलाविते जाहले. मग विहीणबाई स्वतः तिसऱ्या मजल्यावर कूच करोन गेल्या आणि तह मांडिला. माणूस परत मिळेल, पण हमी लागेल की डोळ्यात सुई जाणार नाही. लेकीने तेथूनच डॉक्टरांस फोन लाविला. त्यांनी यांचे कागद पाहोन कबूल केले की भूल थेंबांनीच देऊ. पुढे असे ठरले की, साहेब पळाले ही गोष्ट बाईसाहेबांनी कोणत्याही लग्नात सांगू नये. आणि डोळा बरा होताच साहेबांस घड्याळाच्या उरलेल्या कामासाठी चौथ्या मजल्यावर परत हजर करावे.

“लग्नात नाही सांगणार,” बाईसाहेबांनी मान्य केले. “बारशात सांगेन. आणि हे पुन्हा पळाले तर?”

“पळून जाणार कुठे? माझ्याकडेच ना!”

शुक्रवारी साहेब आपल्या पायांनी दवाखान्यात दाखल जाहले. बाईसाहेबांनी दारापर्यंत त्यांचे मनगट सोडिले नाही. ती पकड पहारेकऱ्याची होती की कसली, हे लिहिण्यास चाकर असमर्थ आहे. मोहीम फत्ते जाहली, आणि महिन्याने तहाप्रमाणे साहेब चौथ्या मजल्यावर रुजू होवोन घड्याळाचे काम पुरे करिते जाहले.

दप्तरी नोंद ती येणेप्रमाणे. उजवा डोळा, सहा भागिले नऊ. चौथ्या मजल्यावरील घड्याळ चोवीस तासांत अवघे अकरा सेकंद मागे पडते.