बाथरूममधला कब्जेदार

चष्मेवाल्याला घर घ्यायचं होतं. राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. चष्म्यांचं दुकान चालेल तोवर चालेल, पुढे पेन्शन नाही, तेव्हा म्हातारपणी दर महिन्याला हातात काहीतरी पडावं, एवढाच हेतू. त्याचे नियम मात्र कडक. कर्ज काढायचं नाही, साठवलेल्या पैशांत बसेल तेवढंच घ्यायचं आणि नीट पारखल्याशिवाय होकार द्यायचा नाही. या पारखण्यापायी दोन चांगली घरं हातची गेली होती. औषधांच्या दुकानात काम करणारी त्याची बायको हल्ली हा विषयच काढत नसे.

त्या दिवशी दलालाकडून किल्ली घेऊन तो एका रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटाच पोचला. एक खोली, स्वयंपाकघर, जवळ बसस्टॉप, पलीकडे हॉस्पिटल. भाडेकरूंना तोटा नव्हता. त्याने भिंती वाजवल्या, नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून मिटल्या. मग मोबाईल ओट्यावर ठेवून बाथरूममध्ये शिरला आणि दार फुगलंय का ते बघायला आतून जोरात ढकलून लावलं.

दार फुगलेलंच होतं. ते चौकटीत गच्च बसलं. त्याने मूठ धरून ओढली, तर मूठच हातात आली.

हाका मारून घसा बसला, तेव्हा कुठे बाहेर पावलं वाजली. घरमालकीणबाई एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याला घर दाखवायला घेऊन आल्या होत्या.

"कोण आहे आत?" बाई ओरडल्या.

"मी! घर बघतोय!"

"बाथरूममध्ये बसून?"

"सकाळपासून इथेच आहे हो. निघताच येत नाहीये."

बाहेर कुजबुज झाली. "काकू, हे राहतात का इथे?" नवरी मुलीने विचारलं. "आधी ह्यांना काढा, मग बघू," नवरा म्हणाला आणि दोघं जवळपास पळतच जिना उतरली. जाताना त्यांनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीने वरच्या मजल्यावर, आणि थोड्याच वेळात जिन्यात माणसं जमली. कोणीतरी घरावर कब्जा केलाय आणि हटायला तयार नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

तेवढ्यात ओट्यावरचा मोबाईल वाजला. बाईंनीच तो उचलला; पलीकडे त्याची बायको होती.

"तुमचे यजमान आमच्या बाथरूममध्ये ठाण मांडून बसलेत!"

मागून त्याचं "दार अडकलंय!" फोनवर ऐकू गेलं, तेव्हा बायको आली ती वाटेतून सुताराला घेऊनच. चष्मेवाल्याच्या जिवात जीव आला.

"अहो," तिने दाराबाहेरून विचारलं, "घर कसंय?"

"अगं, आधी दार!"

"ते होईल. घर कसंय?"

"भिंती ठणठणीत आहेत. ओल कुठेच नाही. पाण्याला जोर आहे. एवढं दार सोडलं तर खोट काढायला जागा नाही."

"आपल्या पैशांत बसतं?"

"बसतं तर. पण म्हणून लगेच..."

पुढचं ऐकायला बाहेर कोणी थांबलंच नाही. त्याने दाराला कान लावला. बायकोचा हळू आवाज, बाईंचा चढा आवाज, मग बाईंचाही हळू. "गिऱ्हाईक तर पळालं," हे त्याला कळलं, "लेकीकडे कायमचं जायचंय" हेही. मग बराच वेळ नुसती कुजबुज. काय चाललंय ते कळेना, त्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागला. शेवटी सुताराने बाहेरून खांदा लावला आणि एका धक्क्यात दार उघडलं.

"एवढंच होतं?" चष्मेवाला थक्क झाला. "मग इतका वेळ काय करत होतात?"

"ताई म्हणाल्या, सौदा होईपर्यंत थांबा," सुतार म्हणाला.

"कसला सौदा?"

"घराचा," बायको म्हणाली. "दाराच्या नावाने किंमत चांगलीच उतरवून घेतली. इसार दिलाय, कागद वकिलाकडून तपासून घेऊ, मगच बाकीचे पैसे. तुम्ही बाहेर असतात, तर आजही 'विचार करून सांगतो' म्हणून घरी आला असतात."

चष्मेवाल्याने हातातली मूठ सुताराकडे दिली. तिचं खोटं नव्हतं.

सुताराने दाराच्या कडेवरून हात फिरवला. "मालक, रंधा मारू का?"

चष्मेवाल्याने घरमालकीणबाईंकडे पाहिलं. बाई त्याच्याकडेच बघत होत्या. बायकोही, आणि जिन्यातली सगळी माणसंही.

"मारा," तो म्हणाला. अजिबात विचार न करता.